फराळाचं पार्सल, नाशिक ते म्युनिक (४ स्टार)

कॉलेज रोडवर परदेशात फराळ पाठवणारं एक छोटं कुरियर आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण खाली थोडी कटकट केलीये. आई दरवर्षी मला इथूनच म्युनिकला पार्सल पाठवते, यंदा दिवाळीला मी स्वतःच नाशकात आलीये म्हणून काउंटरवर मीच जाऊन आले.

पॅकिंग एक नंबर. पेढे बर्फी घेतच नाहीत, युरोपात घरगुती पार्सलमधून दुधाचे पदार्थ चालत नाहीत हे काका आधीच सांगतात, तिकडे कस्टमवाल्यांनी फेकण्यापेक्षा बरं. गिफ्टची किंमत ४५ युरोच्या आत दाखवली तर टॅक्स लागत नाही. आधारची झेरॉक्स न्या. आणि बिल नुसत्या वजनावर नसतं, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० (सेंमीत) हे जास्त भरलं तर ते लावतात, म्हणजे कोंडाजीचा चिवडा हलका असून लाडवांपेक्षा महाग पडतो 😄 आई यावरून काकांशी दरवर्षी भांडते आणि दरवर्षी हरते.

एक स्टार कापला तो ट्रॅकिंगचा. मागे एकदा "डिलिव्हर्ड" असा मेसेज आला आणि दारात काहीच नाही, मी ऑफिसातून आईला फोन, आईने काकांना झापलं, काका म्हणे सिस्टिम बघतो. शेवटी टपालपेटीत चिठ्ठी सापडली, तिकडे आपण घरी नसलो की पार्सल शेजारी देऊन जातात. खालच्या मजल्यावरच्या आजींकडे होतं. तोवर आमचं जिन्यातल्या हॅलोच्या पुढे कधी गेलंच नव्हतं, मी कायम पळत. आताही खोकं घेऊन सटकणार तर म्हणाल्या रविवारी कॉफीला ये. रविवारी तिकडे दुकानं बंदच, गेले. टेबलावर इस्त्रीचं कापड, ठेवणीतल्या कपबश्या, घरचा केक, आणि बाईंचा फोन कुठे दिसेना. मी सारखं घड्याळ बघतेय म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, ट्रेन पकडायचीये का तुला? मग बसले बाई गप, अंधार पडेपर्यंत. चिवडा त्यांनी वाटीभर संपवला, अनारसा एक घास खाऊन बाजूला सारला (हे आईला सांगितलेलं नाही).

आता बरेचसे रविवार त्यांच्याकडेच जातात. आणि आईला फोन पण मी ट्राममध्ये चढता उतरता करत नाही, घरी बसून करते, तिला म्हणे आवाजावरूनच कळतं.

तर यंदाचं पार्सल आजींना. आईने चिवडा जास्तीचा भरलाय. काका एक्सप्रेस घ्या म्हणून मागे लागले होते, पण साधं निम्म्या पैशात जातं आणि आजींना कसलीच घाई नाही, तेच केलं. जर्मनीत पाठवणाऱ्यांनी एक बघा, तिकडे फ्लॅट नंबर नसतो, बेलवर जे आडनाव आहे तेच पत्त्यात लिहायचं, काकांचं सॉफ्टवेअर नंबर टाकल्याशिवाय पुढेच जात नाही तेव्हा ते काहीतरी १ वगैरे टाकतात, टाकू दे. दसऱ्याच्या आत बुक करा, नंतर तिथे उभं राहायला जागा नसते आणि गाडी लावायचं तर नावच काढू नका.