घडीचा चाकू मिटेना, तेव्हा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या बोहरी आळीतून एक घडीचा चाकू घेतला. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, सात सेंटिमीटरचं साध्या कार्बन पोलादाचं एकच पातं, आणि ते नखानं ओढून उघडायला एक खाच. साडेचारशे रुपये पडले. पात्यावर कोणाचंही नाव नाही. दहा महिने तो रोज माझ्या सॅकच्या पुढच्या खणात आहे. मधला दीड महिना मात्र असा गेला, की तो नीट मिटेचना आणि मी त्याला माळ्यावर टाकायच्या बेतात होते. आज तो नवा होता त्याहून छान मिटतो.

दुकानात मी धार बघितलीच नव्हती. धार घरी लावता येते. मी तो चार-पाचदा उघडून मिटवून पाहिला, कारण घडीच्या चाकूचं खरं काम पाठीतल्या स्प्रिंगचं असतं. मुठीच्या पाठीवर जी पोलादाची पट्टी दिसते ना, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड रिव्हेटभोवती, म्हणजे आरपार ठोकून बसवलेल्या खिळीभोवती, फिरतं आणि ही पट्टी त्या बुडावर सतत दाब देत राहते. बुडाला सपाट बाजू आणि कोपरे असतात. कोपरा पट्टीखालून जाताना पट्टी उचलली जाते, सपाट बाजू आली की खाली बसते. म्हणून पातं अर्ध्याच्या पुढे मिटवलं, की उरलेलं अंतर ते आपलं आपण ओढून घेतं आणि ‘कट्’ असा आवाज होतो. या चाकूला कुलूप म्हणून वेगळं काही नाही. पात्याला उघडं धरून ठेवणारी आणि मिटलेलं धरून ठेवणारी ती एकच पट्टी.

नवा असताना आवाज यायचा, पण जरा दबका. मला वाटलं, वापरून मोकळा होईल.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. सिंहगडावर काकड्या आणि पेरू, गच्चीतल्या गुलाबाच्या फांद्या, कुंड्यांच्या सुतळ्या, पार्सलांच्या पट्ट्या, ऑफिसच्या डब्यातला कांदा. जूनमधल्या शेवटच्या कैऱ्यांनी पातं पहिल्याच आठवड्यात करडं-निळं झालं. कार्बन पोलादाचं असंच होतं. कैरीतलं आम्ल त्यावर काळपट थर चढवतं आणि हा थर लाल गंजाला थोडाफार आडच येतो. मला तो रंग फार आवडतो. प्रत्येक फळाची थोडी ओळख त्यावर राहून गेल्यासारखी वाटते. ज्यांना पातं आरशासारखं लखलखीत हवं, त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावा.

चूक झाली ती फणसात. आई कोकणातली. फणसाला हात लावण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल चोपडायचं, म्हणजे चीक धरत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. जूनच्या शेवटी घरी अर्धा फणस आला. गरे सोडवायला मी हाच चाकू घेतला आणि पात्याला खोबरेल लावलं. पातं छान राहिलं. ते इतकं आवडलं, की पुढे पावसाळाभर गंज धरू नये म्हणून दर आठवड्याला सांध्यातही खोबरेलाचे दोन थेंब सोडत राहिले. पाऊस सरेपर्यंत त्यानं काही बिघडलं नाही.

डिसेंबर उजाडला. पुण्यात पहाटे दहा-बारा अंश. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. बाटलीत गोठलेलं दरवर्षी पाहतो आणि उन्हात ठेवतो, पण ते चाकूच्या सांध्यातही गोठेल हे डोक्यात आलंच नाही. नुसतं तेल असतं तर दुपारी वितळलं असतं. त्यात फणसाचा चीक होता, सहा महिन्यांची धूळ होती, सॅकमधल्या कापडाचे तंतू होते. सगळं मिळून मेणासारखा लगदा झाला. पातं मिटवताना शेवटच्या बोटभर अंतरावर थांबायचं, दाबलं तर आत जायचं, पण बसायचं नाही. हलकेच हिसका दिला तरी पुन्हा बाहेर डोकवायचं.

हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. डिसेंबरच्या एका सकाळी मी किल्ल्या काढायला सॅकच्या खणात हात घातला आणि अर्धवट उघडलेल्या पात्यानं मधलं बोट कापलं. दोन टाके पडले. तुमचा चाकू सैल मिटत असेल तर दुरुस्त होईपर्यंत तो खिशात ठेवू नका.

मी समजून चालले होते की स्प्रिंग गेली. शेजारचे काका पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेत, त्यांना दाखवला. त्यांनी तो तीन-चार वेळा उघडला, मिटवला, कानाजवळ नेला.

“अगं, स्प्रिंग कुठं गेलीये? उघडताना बघ, केवढा जड लागतोय. स्प्रिंग मेली असती तर उघडतानाही ढिला लागला असता. जोर आहे त्यात. तो वाटेत खाल्ला जातोय.”

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण निदान त्यातच आहे. उघडतानाही सैल, मिटतानाही सैल, तर स्प्रिंगची वाकण गेली आहे. उघडताना जड आणि मिटताना लुळा, तर सांध्यात घर्षण आहे. पहिल्या दुखण्याला रिव्हेट काढून स्प्रिंग पुन्हा वाकवावी लागते. ते जाणत्या माणसाचंच काम. घरी गॅसवर तापवून वाकवायला जाल तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल आणि स्प्रिंग खरोखरच मरेल. दुसरं दुखणं घरी बरं होतं.

काकांनी आधी नुसती सफाई करायला लावली. उथळ वाडग्यात कढत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. चाकू अर्धा उघडून फक्त सांध्याकडचं पितळी टोक पाण्यात, मूठ वर. शिसव झालं तरी लाकूडच, ते कढत पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं, तडकतं. मग पाण्यातच उघड-मीट, जुना टूथब्रश, खोबणीत लाकडी टूथपिक. पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरं मळकट, चौथं स्वच्छ. नंतर कापडानं पुसून, हेअर ड्रायरनं आतपर्यंत वाळवून दुपारभर उन्हात. वाळवण्यात आळस केला तर कार्बन पोलाद रात्रीत गंजतं.

एवढ्यानं रुपयातले बारा आणे काम झालं. पातं आत बसायला लागलं, पण आवाज दबकाच, पहिल्या दिवसासारखा. उरलेले चार आणे मी सोडून दिले असते, काका सोडेनात. त्यांनी फीलर गेज, म्हणजे फटी मोजायचा पातळ पोलादी पानांचा जुडगा, आणला आणि त्याचं ०.०५ मिलिमीटरचं पान पात्याच्या बुडाशी, मुठीच्या आतल्या बाजूची पितळी पट्टी (ही स्प्रिंग नव्हे) आणि पातं यांच्या फटीत घालून पाहिलं. डावीकडे गेलं. उजवीकडे जाईना. रिव्हेट ठोकताना एका बाजूनं जास्त बसली होती. म्हणजे जडपणा जन्मापासूनचा, खोबरेलानं तो उघड केला इतकंच.

रिव्हेटवर हातोडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. हातोडीनं ती आणखी घट्टच होते. त्यांनी तेच पान अगदी हळूहळू डुलवत उजव्या फटीत सरकवलं आणि पितळी पट्टी केसभर बाहेर सरकली. मग सांध्यात ब्रासोचा, म्हणजे पितळ चकाकवायच्या पॉलिशचा, एक थेंब टाकून मला सांगितलं, “आता बस उघडत-मिटत. दोनशे वेळा तरी.” दोन संध्याकाळी मी तेच केलं. ब्रासोत बारीक घासणारी पूड असते, ती घासणाऱ्या जागा गुळगुळीत करते. काम झाल्यावर ती धुऊन काढणं मात्र सक्तीचं, नाहीतर ती सांधा खात राहील. म्हणून पुन्हा कढत पाणी, पुन्हा ब्रश, पुन्हा ऊन.

त्या दुपारी गच्चीत मी तो मिटवला आणि ‘कट्’ असा खणखणीत आवाज आला. मी तो दहा-बारा वेळा तरी मिटवला असेन. खाली जाऊन काकांच्या कानाशी मिटवला. ते फक्त “हां” म्हणाले.

तेलाचं बोलायला हवं. काकांनी शिलाई मशीनचं तेल सुचवलं होतं आणि सांध्याला ते उत्तमच. पण मी याच चाकूनं फळं खाते, म्हणून केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन आणलं. ते चिकट होत नाही, पुण्याच्या थंडीत गोठत नाही, पोटात गेलं तरी चिंता नाही. दीड-दोन महिन्यांतून एक थेंब, मग उघड-मीट, मग पुसून कोरडं. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, तूप यांतलं काही सांध्यात घालू नका. शेंगदाण्याचं तेल तर हवेनं हळूहळू राळेसारखं होतं.

धार मी सायकलवाल्या धारवाल्याकडून लावून घेत नाही. विळी-कात्री त्याच्याकडेच जाते, त्याचा हात चांगला आहे. पण कोरड्या चाकावर एवढं पातळ पातं चटकन तापतं, आणि धारेवर निळी झाक आली की तिथलं पोलाद जवळजवळ ३०० अंशांपर्यंत जाऊन मऊ पडलेलं असतं. धार घरीच लावते : एका बाजूनं भरड आणि दुसरीकडून बारीक असा दुहेरी दगड, पाणी, पात्याच्या दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांचा कोन, शेवटी जुन्या पट्ट्याची चामड्याची उलटी बाजू. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पुरतात.

हे सगळं करताना या साध्या पट्टीबद्दल मला आदर वाटायला लागला. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरनं १८९७ मध्ये जो ऑफिसरचा चाकू (आजचा ‘स्विस आर्मी नाइफ’) नोंदवला, त्याची करामत हीच, की एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली. फ्रान्सचा ओपिनेल हा घडीचा चाकू उलट वाटेनं गेला. त्यात स्प्रिंगच नाही, पातं लाकडाच्या घर्षणावर राहतं आणि १९५५ पासून त्याला पातं अडकवून धरणारी फिरती कडी आहे. दोन्ही हाताळायला मिळाले तर जरूर हाताळा.

घेताना एवढं करा : पातं अर्ध्यापर्यंत मिटवा आणि मग बोटानं अगदी हलका धक्का द्या. ते स्वतःहून आत गेलं पाहिजे. दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखडायला नको. धार शेवटी बघा.

माझ्या चाकूत अजून एक उणीव आहे. मिटल्यावर पातं मधोमध बसत नाही, किंचित डावीकडे झुकतं. काका म्हणाले, ते राहू दे, घासत नाहीये. मीही राहू दिलंय. सध्या कैऱ्यांचे दिवस आहेत, पात्यावर नवा निळा थर चढतोय. पुढच्या महिन्यात फणस येईल. त्याला या वर्षी विळी.