खिमा सँडविचसाठी गॅसवरचा टोस्टर

अमेरिकेत टोमॅटो सॉसमध्ये शिजवलेला बीफचा खिमा बनमध्ये भरून खातात, त्याला 'स्लॉपी जो' म्हणतात. आमच्या बडोद्याच्या घरात खिमा मटणाचा, आणि बनऐवजी हा लांब मुठींचा ॲल्युमिनियमचा टोस्टर. मंगळबाजाराकडे भांड्यांच्या दुकानात घेतला.

कडा घट्ट मिटतात, हा त्याचा मोठा गुण. खिमा मात्र कोरडाच हवा. अर्धा किलो खिमा कांदा, आलं-लसूण, काळा मसाला घालून शिजवायचा, पाणी पार आटेपर्यंत परतायचा आणि त्यात एक उकडलेला बटाटा कुस्करायचा, म्हणजे मिळून येतो. रस राहिला की ब्रेडचा लगदा झालाच. बाहेरून लोणी, मध्यम आच, दर बाजूला दोन-तीन मिनिटं.

एका वेळी एकच होतं, ही खरी अडचण. चौघांच्या घरात करणारी शेवटी जेवते! (विजेवरचा दोन करतो, पण तो खरपूसपणा त्यात नाही.) सासूबाई तर आधी कुरकुरीत कडाच मोडून खातात.

मुठींची कडी सैल निघते, दुकानातच दाबून बघा. आणि मोठ्या स्लाइसचा ब्रेड यात मावत नाही, नेहमीचा छोटाच आणा.