गिटारचा ब्रिज उचललाय, पॉलिश गेलंय: सरस की टाइटबाँड, चपडा की पीयू?

परवा दहिसरहून भाच्याचा फोन आला, "मामा, गिटारचा ब्रिज मागून उचललाय, फटीत फेव्हिक्विक सोडू का?" मी म्हटलं आधी तारा सैल कर आणि त्यात काहीही सोडू नकोस, रविवारी येतो. (ब्रिज म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, टॉपवर, चिकटवलेली लाकडी पट्टी, तारा तिला अडकवलेल्या असतात.) पाच मिनिटांनी परत फोन, की ब्रिज करतोयसच तर पॉलिशपण नवीन मारून दे ना, कोपराजवळ सगळं गेलंय. दर पावसाळ्यात असे तीन-चार फोन येतातच आणि प्रश्न तेच दोन असतात, चिकटवू कशाने आणि पॉलिश कुठलं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतो.

मी भांडुपला घराच्या गॅलरीत बरीच वर्षं गिटारी दुरुस्त करतोय आणि माझा निकष एकच आहे: आज केलेलं काम उद्या परत उघडावं लागलं तर लाकूड न फाटता उघडेल का? कारण मुंबईत ते उघडावं लागतंच. सॉलिड लाकडाच्या गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०-९० च्या घरात असते, आणि त्यातून आपण गिटार एसीच्या खोलीत नेतो, परत हॉलमध्ये आणतो, म्हणजे लाकूड फुगतं, आकसतं, परत फुगतं. टॉपला पोट येतं, ब्रिज मात्र कडक, तो त्या पोटाबरोबर वाकत नाही, मग मागची कड सुटायला लागते. वर तारांची ओढ आहेच, स्टीलच्या १२ च्या सेटची (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची) सगळी मिळून ७० किलोच्या वर, नायलॉनची त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि ही ओढ रात्रंदिवस चालू असते.

आधी तपासा. लग्नपत्रिकेचा पातळ कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. एक-दोन मिलीमीटरच जात असेल तर तारा थोड्या सैल करून पावसाळा संपेपर्यंत नुसती नजर ठेवली तरी चालतं, बऱ्याच गिटारींना ब्रिजच्या कडेला तेवढी फट फॅक्टरीतूनच असते कारण तिथे खाली पॉलिश असतं. पण कागद चार-पाच मिलीमीटर आत जातोय आणि फट महिन्याभरात वाढलीय असं दिसलं तर ब्रिज पूर्ण काढून परत बसवायचा. नुसत्या फटीत गोंद भरणं ही दुरुस्ती नाही, जुना सुकलेला गोंद आत तसाच असतो, त्यावर नवा धरत नाही.

आता फेव्हिक्विक, म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं त्यामुळे पावसाळ्यात तर अजूनच पटकन सुकतं, ब्रिज जागेवर सरकवायलासुद्धा वेळ मिळत नाही. पातळ असल्यामुळे टॉपच्या स्प्रूस लाकडाच्या रेषांमध्ये शिरून काळपट डाग पाडतं तो परत जात नाही. सुकल्यावर ठिसूळ, झटका बसला की सुटतं, आणि सोडवायला अॅसिटोन लागतं जे आजूबाजूचं लॅकर पण खातं. नटची (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच जास्त खोल गेली, फ्रेटचं टोक उचललंय, बाइंडिंग (कडेची पट्टी) सुटलंय, जाड पॉलिशला टवका गेलाय, या कामांना मात्र मी तेच वापरतो आणि उत्तम चालतं. ब्रिजला नको.

अॅराल्डाइटसारखं इपॉक्सी बरेच जण सुचवतात कारण घट्ट धरतं. धरतं, खरंय. पण माझ्याकडे एकदा एक गिटार आली, आधी कुणीतरी ब्रिजखाली इपॉक्सी भरलेलं, तरी एका बाजूने उचललेला. इस्त्रीने गरम करून तो ब्रिज काढला तर खाली पिवळट काचेसारखा थर, स्प्रूसच्या छिद्रांत पार मुरलेला. दोन संध्याकाळी पटाशी उलटी धरून मी तो केसाएवढा-केसाएवढा खरवडत होतो, आणि रेषेच्या उलट जरा हात गेला की स्प्रूसचा पापुद्रा निघायचा. लाकूड मोकळं झालं नाही तर पुढे दुसरं काहीच तिथे धरत नाही. ते खरवडलेलं लाकूड गिटारचं होतं, परत येणार नाही. इपॉक्सी मी फक्त तिथे वापरतो जिथे लाकूडच गायब झालंय आणि पोकळी भरायची आहे.

राहिले तीन. पांढरा फेव्हिकॉल, पिवळा टाइटबाँड आणि सरस. पांढरा फेव्हिकॉल फर्निचरला अप्रतिम, त्याबद्दल वाद नाही, पण तो सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, कपाटाच्या फळीला ती ओढ नसते आणि ब्रिजला असते. आतल्या एखाद्या ब्रेसची (टॉपखालच्या आधारपट्टीची) टोकं चिकटवायला चालून जातो, ब्रिजला मी लावत नाही. टाइटबाँड म्हणजे लाल लेबलवाला ओरिजिनल, निळा किंवा हिरवा नको, ते पाण्याला टिकावेत म्हणून बनवलेत आणि म्हणूनच पुढे काढायला त्रास देतात. ओरिजिनल पटकन पकडतो, पाच एक मिनिटं जुळवाजुळवीला मिळतात, क्लॅम्प एका तासाने काढला तरी चालतो पण तारा २४ तासांनीच चढवायच्या. गरम केला की नरम पडतो, म्हणजे उघडता येतो. तोटे दोन: सुकलेल्या टाइटबाँडवर नवा टाइटबाँड धरत नाही, जुना पूर्ण साफ करावाच लागतो, आणि उष्णतेने नरम पडतो म्हणजे मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवलीत तर तुमच्या इच्छेविरुद्धही नरम पडेल. गाडीत गिटार ठेवूच नका, कुठल्याही गोंदाची असो.

सरस हा माझा आवडता आणि तो का हे जरा सविस्तर सांगतो. जनावराच्या कातड्यापासून बनतो, दाणे मिळतात, थंड पाण्यात भिजवले की फुगून साबुदाण्यासारखे होतात, मग ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सरस ६० अंशांपर्यंत न्यायचा, उकळायचा अजिबात नाही, उकळला की ताकद जाते. तयार झाला की दोन बोटांत धरून बोटं उघडली की बारीक तंतू सुटतात. सुकला की काचेसारखा कडक होतो, ओढीखाली सरकत नाही, आणि गरम पाणी व उष्णता दिली की शांतपणे सुटतो. सगळ्यात मोठी गोष्ट, जुन्या सरसावर नवा गरम सरस लावला की जुना परत जिवंत होऊन एकजीव होतो, म्हणजे लाकूड दर वेळी खरवडत बसावं लागत नाही. अडचण वेळेची, लावल्यापासून क्लॅम्प आवळेपर्यंत मिनिटभरसुद्धा मिळत नाही, थंड झाला की जेली होते आणि मग सांधा कच्चा राहतो. म्हणून आधी दोनदा कोरडी रंगीत तालीम करायची, ब्रिज हेअर ड्रायरने कोमट करायचा, पंखा बंद. आपल्या उकाड्याचा इथे फायदा होतो, तेवढाच थोडा जास्त वेळ मिळतो. बाटलीतला तयार पातळ सरस मिळतो तो मात्र ब्रिजला नको, जुना झाला की नीट सुकत नाही.

तर पहिल्यांदाच करणाऱ्याने स्टीलच्या तारांची साधी फॅक्टरी गिटार असेल तर टाइटबाँड घ्यावा, डोकं शांत राहतं. जुनी, हाताने बनवलेली, किंवा आधी सरसच लावलेली असेल तर सरसच. आणि काहीही लावलं तरी लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे, मध्ये पॉलिशचा थर राहिला तर जगातला कुठलाही गोंद तिथे व्यर्थ आहे.

हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक, जिथे तारा पिळायच्या खुंट्या म्हणजे ट्यूनर असतात) तुटलं असेल तर थोडक्यात: तुकडे एकमेकांवर बसवून बसवून बघू नका, लाकडाचे तंतू चुरतात, कशानेही चिकटवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आहे तसं दुरुस्तीला न्या. लांब तिरकी ताजी भेग टाइटबाँडने किंवा सरसाने इतकी पक्की जुळते की आतून दुसरा आधार लागत नाही. आखूड आडवी भेग असेल, किंवा आधी कुणी इपॉक्सी भरून ठेवलं असेल, तर आत लाकडाच्या पट्ट्या बसवाव्या लागतात आणि काम तिप्पट होतं.

आता पॉलिश. इथे माझं पहिलं उत्तर बहुतेक वेळा "नको" असतं आणि लोक नाराज होतात. पण विचार करा, पॉलिश काढताना टॉप घासला जातो, टॉप जेमतेम अडीच-तीन मिलीमीटरचा असतो, आणि जुन्या चांगल्या गिटारचं मूळ पॉलिश काढलं की तिची किंमत सरळ पडते. नेक घामाने चिकट वाटतो म्हणून सगळी गिटार पॉलिश करायला निघालेले लोक मी बघितलेत, त्याला बारीक स्कॉच ब्राइटने नेकची मागची चकाकी मारली की दहा मिनिटांत काम होतं. स्टील वूल वापरणार असाल तर इलेक्ट्रिकच्या पिकअपवर आधी टेप लावा, लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटतो.

तरी करायचंच असेल तर आधी आता काय लावलंय ते ओळखा. ट्यूनरखाली किंवा लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा, चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा एक थेंब, नरम पडलं तर नायट्रो लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर.

चपडा म्हणजे लाखच, आपल्याच देशात सगळ्यात जास्त होते, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवर लाखेचंच पॉलिश पिढ्यान् पिढ्या चढतंय, तेच फ्रेंच पॉलिश म्हणून क्लासिकल गिटारवर. कापसाची पोटली मलमलमध्ये बांधून, तेलाचा एखादा थेंब देऊन, गोल गोल फिरवत थरावर थर. थर अगदी पातळ राहतो, टॉप मोकळा वाजतो, विषारी धूर नाही, वन रूम किचनमध्ये करता येतं. मिश्रण ताजं हवं, वर्षभर पडलेला विरघळवलेला चपडा नीट सुकतच नाही. कमजोरी अशी की घामाने आणि उष्णतेने झिजतो, कोपराशी पहिल्यांदा जातो. पण झिजला तेवढ्याच जागी परत चढवता येतो, नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो, जोड दिसत नाही.

नायट्रो म्हणजे एनसी लॅकर, जुन्या अमेरिकन गिटारींचं ते पॉलिश, त्यालाही नवा थर जुन्यात मिसळतो हा मोठा गुण. पण स्प्रे लागतो, वास डोकं उठवतो, पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात, आणि पुढे रबराच्या स्टँडवर टांगून ठेवली तर तिथे विरघळून चिकटतं. मी एकदा जुलैत घाई केली. एका मित्राच्या टेलिकास्टर टाइप इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवर संध्याकाळी गॅलरीत स्प्रे मारला, बाहेर पाऊस नव्हता म्हणून धीर केला, आणि बघता बघता काळ्या रंगावर आतून दूध सांडल्यासारखा पांढुरका ढग उतरला. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थरात अडकतं. चार दिवसांनी कोरड्या दुपारी नुसत्या रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) हलका फवारा मारला तेव्हा ते सुटलं, पण ते चार दिवस मित्राला तोंड दाखवायला लाज वाटत होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून मुंबईत नायट्रोला हात लावू नका.

पीयू टिकाऊ, घाम-स्पिरिट-ओरखडे सगळं सोसतं, रोज लोकलने गिटार घेऊन क्लासला जाणाऱ्या मुलाला हेच बरं, आणि सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकला तर मी डोळे झाकून पीयू म्हणतो. पण नवा थर जुन्यात मिसळत नाही, नंतर घासताना एक थर फोडून दुसऱ्यात गेलात की नकाशासारखी रेघ दिसते. आणि दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं की दमा कायमचा मागे लागू शकतो, कापडी मास्क त्याला पुरत नाही, घरात मारूच नका, व्यवस्थित स्प्रे बूथवाल्याकडे द्या. फर्निचर पॉलिशवाला मेलामाईन सुचवेल, टेबलाला छान, अकूस्टिकच्या टॉपवर जाड आणि कडक बसतं, मी नको म्हणेन. नुसतं तेल नेकला सुखद लागतं, स्प्रूसच्या टॉपला नाही. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात, दोरीवर पसरून वाळवा, आणि थिनर किंवा स्पिरिट उघडं असताना देवघरातला दिवासुद्धा शांत करा.

रविवारी दहिसरला गेलो. गिटार भाच्याची नाहीच, भाऊजींची कॉलेजमधली नायलॉन तारांची आहे. ट्यूनरखाली स्पिरिट लावलं, बोळा लगेच चिकटला, म्हणजे चपडा. पुठ्ठ्यात ब्रिजच्या आकाराचं भोक कापून वर फॉइल लावली, कारण चपड्याला उष्णता लागली की फोड येतात, मग ब्रिज हळूहळू गरम करून पातळ पात्याने दोन्ही बाजूंनी सोडवला. खालचा गोंद गरम पाण्याच्या फडक्याने बुळबुळीत झाला आणि तो ओल्या कातड्यासारखा ओळखीचा वास आला, सरस. मग सरसानेच बसवला, भाऊजी पूर्ण वेळ पातेल्यातल्या थर्मामीटरवर लक्ष ठेवून होते. तारा मी दोन दिवसांनी चढवायला सांगितल्या, पावसाळा आहे, एक दिवस जास्त दिलेला बरा. कोपराजवळचा चपडा दिवाळीनंतर त्याच जागेपुरता चढवू, तोवर भाच्याला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालून वाजवायला सांगितलंय.