विवाहसंकेतस्थळाचा आठ महिन्यांचा अनुभव : नोंदणीपासून साखरपुड्यापर्यंत

गेल्या आषाढात मी एका मराठी विवाहसंकेतस्थळावर नाव नोंदवले आणि यंदाच्या फाल्गुनात नाशिकला आमचा साखरपुडा झाला. या आठ महिन्यांत जे गुणदोष अनुभवास आले, ते स्थळे पाहू लागलेल्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे नोंदवीत आहे.

नोंदणीच्या वेळी ओळखपत्राची प्रत मागितली गेली. केंद्र सरकारने २०१६ साली विवाहसंकेतस्थळांसाठी काढलेल्या सूचनांत ही अट आहे आणि तिचा आधार वाटतो. तरीही दुसऱ्याच आठवड्यात, परदेशस्थ डॉक्टर म्हणवणाऱ्या एकाने मला पाठवलेली भेटवस्तू सीमाशुल्कासाठी विमानतळावर अडकल्याचे सांगून पैसे मागितले. मी ते दिले नाहीत आणि लगेच तक्रार केली, पण ते खाते बंद व्हायला चार दिवस लागले, हा विलंब मला गंभीर वाटतो. (पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.)

माझे सर्वांत ठाम मत आहे ते शोधाच्या चाळण्यांविषयी. आईने माझ्या खात्यात 'किमान १८ गुण' अशी मर्यादा घातली होती. ३६ गुणांपैकी ८ एकट्या नाडीचे असतात, त्यामुळे नाड एक आली की ते आठही जातात आणि उरलेल्या २८ मधून १८ न गाठणारे स्थळ यादीत दिसतच नाही. तीन महिने मोजकीच स्थळे येत राहिली, तेव्हा आईला सांगून मी ती मर्यादा काढली आणि चंद्रपूरच्या एका शिक्षकांचे स्थळ प्रथमच समोर आले : नाड एक, गुण साडेसोळा. 'स्वतःविषयी' हा रकाना बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. त्यांनी मात्र चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारभर घरात बसून काय काय वाचून होते, ते इतके मन लावून लिहिले होते की मी त्याच रात्री उत्तर पाठवले.

दीड महिना आम्ही संदेशपेटीतच एकमेकांना लिहीत होतो. एके दिवशी, मी काहीही विचारलेले नसताना, आपण सिकलसेलचे वाहक असल्याचे त्यांनी कळवले. विदर्भात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, परंतु आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ज्या गोष्टीमुळे नकार येऊ शकतो, ती त्यांनी प्रत्यक्ष भेटीच्याही आधी सांगितली, आणि माझे मन त्यांच्यावर जडले ते त्या दिवशी. मी रक्ततपासणी करून घेतली. मी वाहक नव्हते. मूल फार तर वाहक होईल, त्याला आजार होणार नाही, हे डॉक्टरांनी आईला समजावून सांगितले. एक नाड म्हणजे संततीला धोका, ही तिची मोठी भीती होती. तपासणीचा अहवाल हातात आल्यावर तिनेच त्यांना घरी बोलवायला सांगितले.

मार्गशीर्षात ते आई-वडिलांसह नाशिकला आले आणि पोहे होताच दोन्हीकडची पसंती झाली. साखरपुड्यानंतर खाते बंद करताना मी 'विवाह येथेच ठरला' हे कारण निवडले, आणि अभिप्रायाच्या मोकळ्या जागेत, गुणांच्या रकान्याशेजारी सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या तपासणीसाठीही एक रकाना ठेवावा, असे संकेतस्थळाला लिहून कळवले.