प्लायची शीट एकट्यानं न्यायची तर: दोरी, हुक, ग्रिपर की ट्रॉली?

आठ बाय चार फुटांची, १९ एमएम जाडीची हार्डवुड प्लायची शीट ३५ ते ४० किलोच्या आसपास भरते. म्हणजे गव्हाच्या पोत्यापेक्षा हलकीच. पण पोतं अंगाशी घेता येतं, शीट येत नाही. हात कितीही लांब केला तरी वरची कड काखेत आणि खालची कड बोटांत एकदम सापडत नाही. टिंबर मार्केटमधले हमाल तीच शीट पाठीवर तिरकी घेऊन गर्दीतून वाट काढतात. ते बघून मीही एकदा तसं करून पाहिलं आणि पुढचे दोन दिवस मान वळवायची म्हणजे सगळं अंग वळवत होतो. त्यानंतर साधनांच्या मागे लागलो.

माझी जागा कशी आहे ते आधी सांगतो, कारण निकाल बराचसा तिच्यामुळे लागला. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, तिथं शनिवार-रविवार माझं सुतारकाम चालतं. टेम्पो बोळाच्या तोंडाशी थांबतो. तिथून सत्तर-ऐंशी पावलं, मग वाड्याचा दरवाजा. मोठा दरवाजा एका बाजूनं खचलाय, तो उघडत नाही. जायचं ते दिंडीतून, म्हणजे त्याच्यातल्याच छोट्या दारातून, आणि दिंडीला फूटभर उंच उंबरा. आत देवडी, चौक, तिथं शहाबादी फरशी. तुमचा सपाट काँक्रीटचा गाळा असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. दोन चाकांची ट्रॉली घ्या आणि मोकळे व्हा. तशा जागी तिच्यासारखं सुख नाही. शीट खोबणीत ठेवायची, वरून एका हातानं तोल धरायचा, चालू लागायचं. माझी ट्रॉली बोळातल्या पहिल्याच गटाराच्या झाकणावर अडली. उंबऱ्याशी तर ट्रॉली आणि शीट दोन्ही उचलायची पाळी आली. आता तिच्यावर कुंड्या ठेवल्यात.

पहिली दोन वर्षं मी दोरीच वापरली. अठरा फूट दोरीची टोकं बांधून एक मोठा वेढा करायचा, त्याची दोन टोकं शीटच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अडकवायची, मधले दोन पदर मुठीत धरायचे आणि दुसऱ्या हातानं वरची कड सावरायची. खर्च जवळजवळ नाही, खिशात मावते. नायलॉनची घेऊ नका, ती ताणली जाते आणि बोटांत रुतते. सुती बरी, आणि मुठीच्या जागी बागेतल्या पाइपचा वीतभर तुकडा ओवून टाका. लांबी मात्र आपल्या उंचीनुसार जुळवायला लागते. वेढा एक फुटानं आखूड केला तर शीटच्या हिशेबात मूठ सात-आठ इंच खाली येते, म्हणजे शीट जमिनीपासून तेवढी वर उचलली जाते. फार आखूड केला तर दोरी आडवी ताणली जाऊन दोन्ही कोपरे एकमेकांकडे ओढते. १९ एमएमला त्याचं काही वाटत नाही, पण ६ एमएमची शीट चालता चालता धनुष्यासारखी वाकते आणि एका कोपऱ्यातून दोरी निसटते.

हे सगळं मी सहन केलं असतं. दोरी नेताना त्रास देत नाही, काढताना देते. शीट भिंतीला टेकवली की दोरी दोन्ही कोपऱ्यांखाली दाबून बसते. जवळचा कोपरा पायानं जरा उचलून सोडवता येतो. दुसरा आठ फुटांवर. तिकडे जाईपर्यंत शीट सोडावी लागते आणि गुळगुळीत फरशीवर ती खालून सरकायला लागते. एका शीटचं काही नाही, पण दहा शीट आल्या की दहादा हा फेरा. त्यात मध्ये दिंडी. शीटचं पुढचं टोक उंबऱ्यावर टेकवून आत सरकवायला जावं, तर पुढच्या कोपऱ्यातली दोरी उंबरा आणि शीट यांच्यामध्ये सापडते. ढकलावं तर दोरी मागे घसरते, उचलावं तर हात पुरत नाही. एकदा पावसाच्या तोंडावर घाईत होतो. एका बाजूला लॅमिनेट चिकटवून घेतलेली शीट देवडीत उभी केली आणि लांबचा कोपरा सोडवायला वळलो. ती सरकली आणि कोपऱ्यावर उतरली. प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उकलले. तो कोपरा पुढे कपाटात तळाला, भिंतीकडच्या बाजूला दडवला. गिऱ्हाईक माझीच बहीण होती, म्हणून निभावलं.

मग ग्रिपर आणला, वरून धरणारा. शीटच्या वरच्या कडेवर बसवायचा आणि मूठ उचलायची. शीटच्या वजनानंच त्याचा जबडा आवळला जातो, खाली टेकली की आपोआप सुटतो. काढण्याच्या बाबतीत याला तोड नाही, हे कबूल करायला हवं. एका हातानं काम होतं आणि दुसरा हात कडी काढायला मोकळा राहतो. माझ्याकडे ही सोय मोठी आहे, कारण कुत्री आत येतात म्हणून आमच्या घरमालकीण काकू दिंडी दर वेळी ओढून घेतात. पण शीट चार फूट उंच, तिच्यावर ग्रिपर, त्यावर हात. मी पाच फूट चार इंच. म्हणजे चाळीस किलो मी खांद्याच्या उंचीवर कोपर वाकवून धरणार. सहा फुटी माणसाला कदाचित हे जाणवणारही नाही. माझा खांदा तिसऱ्या शीटला बोलायला लागला. शिवाय दिंडी बुटकी. तिच्यातून वाकून जाताना सगळ्यात वर काय असतं, तर माझी बोटं. एकदाच चौकटीवर आपटली, तेवढं पुरलं.

सक्शन कपचं विचाराल तर ते काचेला ठीक. कोऱ्या प्लायच्या बारीक छिद्रांतून कपात हवा शिरते आणि लॅमिनेटवर भुसा असेल तर कधी सुटेल याचा नेम नाही.

सध्या माझ्याकडे खालून धरायचा साधा प्लास्टिकचा हुक आहे. वर मूठ, खाली शीटची कड बसेल एवढा ओठ, मध्ये हातभर दांडा. दिसायला खेळण्यासारखा. लांबीच्या मध्यावर खालच्या कडेला अडकवायचा, गुडघ्यात वाकून मूठ धरायची, शीट अंगाला टेकवून उभं राहायचं. हात सरळ लोंबता राहतो, त्यामुळे वजन खांद्यावर न येता अख्ख्या अंगावर उतरतं. मी हुक अगदी मध्यावर न लावता दोनेक इंच पुढे लावतो. मागची बाजू किंचित जड राहते, पुढचं टोक आपसूक वर उचललं जातं आणि बरोबर उंबऱ्यावर जाऊन बसतं. मग हुक काढायचा, मागून ढकलायचं, उंबरा ओलांडून आत जायचं आणि पुन्हा लावायचा. हुक एकाच जागी असतो आणि तो माझ्या हाताखालीच असतो, त्यामुळे कुठे फेरा घालावा लागत नाही.

दोष आहेतच. दोन्ही हात गुंततात, म्हणून काकूंना आधी हाक मारावी लागते. एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या) कडेवर ओठाचा वळ उठतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवल्यापासून उठत नाही. जिना चढताना शीट पायऱ्यांना लागू नये म्हणून हात वाकवावा लागतो, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं माझं ऐकून हुक घेऊ नये. त्यानं दुकानातच शीट उभी चिरून आठ बाय दोनचे दोन तुकडे करून आणावेत. बरीच दुकानं आता कापून देतात आणि कपाटाच्या बाजूंसाठी एवढी रुंदी पुष्कळदा पुरते.

वर्षाला दोन-चार शीट लागणार असतील तर दोरीवर भागेल असं मला वाटतं, फक्त लांबच्या कोपऱ्यापाशी कुणाला तरी उभं करा. उंच माणसानं ग्रिपर हातात घेऊन बघायला हरकत नाही. हुक घेणार असाल तर दुकानात २५ एमएमचा तुकडा त्याच्या ओठात बसवून पाहा. माझ्यात तो जेमतेम बसतो. ३० एमएमचा फ्लश डोअर बसतच नाही, त्यासाठी मी अजून खुंटीवरची दोरीच काढतो.