दोन तासांचं पाणी की चोवीस तासांचं?

नागपूरला पाणी येतं पेंच आणि कन्हान या नद्यांमधून. प्रश्न ते नळाला कसं यावं, याचा आहे.

ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात नळ गेला की पाइप रिकामा होतो. मग फुटक्या जोडातून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. नळ आल्यावर पहिली बादली गढूळ निघते ती बरेचदा यामुळेच. त्यात ज्याच्याकडे टिल्लू पंप, म्हणजे नळाला थेट लावायची छोटी मोटर, तो पाणी खेचून घेतो अन् गल्लीच्या टोकाच्या घरी नुसती धार येते. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

चोवीस तास दाब राहिला तर घाण आत शिरत नाही, ड्रम भरून ठेवावे लागत नाहीत, डेंग्यूच्या डासांची एक जागाही कमी होते. पण जुन्या पाइपात सतत दाब म्हणजे सतत गळती. आधी पाइप आणि मीटर बदलायलाच हवेत. नागपूरने 2012 मध्ये खासगी भागीदारीतून अख्ख्या शहरासाठी हाच रस्ता धरला, तरी उन्हाळ्यात टँकर फिरतातच.

माझं मत चोवीस तासांच्या बाजूने. मात्र हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या कडेच्या वस्त्यांना आधी रोज एक तास भरवशाचं पाणी द्या.