कोळशाची वॅगन कोर्टेनची, स्टेनलेसची की ॲल्युमिनियमची? घ्यायच्या आधी हे बघा

२०१८ पासून रेल्वेची जनरल पर्पज वॅगन इन्व्हेस्टमेंट स्कीम आहे आणि कंपन्यांना त्यात स्वतःचे रेक (वॅगनची अख्खी गाडी) घेता येतात, त्यामुळे आधी फक्त आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि डिझाइन संस्था) आणि वॅगन कारखान्यांपुरता असलेला प्रश्न आता पॉवर प्लांट, सिमेंट, स्टीलवाल्यांच्या टेबलावर पण येऊन पडतो, की उघडी वॅगन घ्यायची तर कोणत्या धातूची घ्यायची. ॲल्युमिनियमचा रेक आल्यापासून तर सगळे तेच विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, धातू हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे त्या वॅगनमधे काय भरणार आणि ती रिकामी कशी करणार. याचं उत्तर पक्कं नसेल तर कितीही हलकी वॅगन घ्या, पैसे वसूल होणार नाहीत.

आधी आकडे बघू. जुनी बॉक्सएन, म्हणजे ऐंशीच्या दशकापासून कोळशाला लागणारी आपली नेहमीची उघडी वॅगन, तिचं टेअर म्हणजे रिकामं वजन २२.४७ टन, माल ५८.८१ टन, एकूण ८१.२८. त्यानंतरची बॉक्सएनएचएल (पुढे नुसतं एचएल), टेअर २०.६ टन, माल ७१ टन, एकूण ९१.६. म्हणजे डबा जेमतेम दोन टनांनी हलका झाला आणि माल बारा टनांनी वाढला, तो कसा? कारण एक्सल लोड, म्हणजे एका एक्सलवर येणारं वजन, २०.३२ वरून २२.९ टनांवर नेला. हे इथेच लक्षात घ्या कारण जाहिरातीत हे दोन्ही फायदे एकत्र करून "नवीन धातूमुळे इतका जास्त माल" असं सांगितलं जातं, पण त्यातला मोठा वाटा रूळ, पूल आणि बोगी जास्त वजनाला पास केल्याचा असतो. धातूचा वाटा त्या दोन टनांचाच.

दुसरी गोष्ट, डब्याचं टेअर म्हणजे सगळा पत्रा नाही. दोन बोगी, चार व्हीलसेट, त्यातल्या स्प्रिंगा, कास्ट साइड फ्रेम, बोल्स्टर (आडवी तुळई) मिळून साधारण दहा टनांच्या आसपास जातात, वर डबे जोडणारे दोन कपलर, ड्राफ्ट गिअर (धक्का शोषणारा भाग) आणि ब्रेकचं सामान. हे सगळं तिन्ही पर्यायांत जवळपास तेच राहतं. म्हणजे तुमच्या हातात उरतं ते अंडरफ्रेम (खालचा सांगाडा) आणि बॉडी, वजनाचा अर्धाच भाग, आणि सगळी कमाल त्यातच करायची.

आता कोर्टेन, म्हणजे गंजाला तोंड देणारं स्टील. आयआरएस एम-४१ हे रेल्वेचं स्पेसिफिकेशन, यील्ड (धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) साधारण ३४० मेगापास्कल, साध्या स्ट्रक्चरल स्टीलच्या २५० च्या पुढे. गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तो पुढचा गंज थांबवतो ही याची खुबी, पण तो थर बसायला पत्रा ओला होऊन परत सुकावा लागतो. कोळशाच्या वॅगनमधे नेमकं ते होत नाही. तळाच्या कोपऱ्यात, दरवाजाच्या खाली, स्टँचनच्या (उभ्या खांबांच्या) पायाशी ओला चुरा महिनोन् महिने बसून राहतो, कोळशातल्या गंधकामुळे पाणी आम्लधर्मी होतं, आणि पत्रा तिथूनच खाल्ला जातो. वरचा पत्रा धडधाकट आणि खालची वीतभर पट्टी जाळीसारखी झालेली, हे दृश्य कोणत्याही सिक लाइनला (वॅगन दुरुस्तीच्या जागी) बघायला मिळतं. तरी कोर्टेनचा एक मोठा फायदा म्हणजे रिपेअर कुठेही होतो, कोणताही वेल्डर पॅच मारतो आणि वॅगन फिट होऊन निघते.

स्टेनलेस म्हणजे इथे भांड्यांचं चकचकीत स्टेनलेस नाही. आयआरएस एम-४४ हे फेरिटिक स्टील आहे, क्रोमियम ११-१२ टक्क्यांच्या घरात, निकेल अगदी कमी म्हणून किंमत आवाक्यात. वरून तपकिरी डाग पडतात, ते बघून लोक घाबरतात, पण ते वरवरचे असतात. खरा फायदा हा की गंजून जाईल म्हणून आधीच दिलेली जास्तीची जाडी काढून टाकता येते. वजन तिथे वाचतं! घनता तर साध्या पोलादाइतकीच, म्हणजे धातू हलका नाहीये, तो टिकतो म्हणून पातळ चालतो. एचएलमधे हेच केलंय, बॉडीला स्टेनलेस आणि अंडरफ्रेमला जास्त ताकदीचे कोल्ड रोल्ड सेक्शन. वेल्डिंगला मात्र जपावं लागतं, जास्त हीट दिली तर जोडाशेजारचं ग्रेन मोठं होतं आणि तो भाग ठिसूळ होतो, साध्या पोलादाशी जोडायचं तर ३०९ जातीचा इलेक्ट्रोड लागतो. कुणीतरी घाईत साधा रॉड मारला की सहा महिन्यांत तिथेच क्रॅक. आणि समुद्राकाठी, मीठ किंवा काही खतं भरणार असाल तर या ग्रेडकडून फार अपेक्षा ठेवू नका, क्लोराइडपुढे हे ३०४ सारखं (भांड्यांच्या स्टेनलेससारखं) उभं राहत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो कारण मीटिंगमधे हा नेहमी येतो. "अजून स्ट्राँग स्टील घेऊ, ५५० चं घेऊ, पत्रा अर्धा करू." नाही होत तसं. यील्ड कितीही वाढलं तरी पोलादाचा कडकपणा, म्हणजे मॉड्युलस, तोच राहतो, २०० गिगापास्कलच्या आसपास, त्यामुळे पातळ पत्रा तुटायच्या कितीतरी आधी वाकतो, फुगतो. आणि वेल्डच्या जोडाची फटीग ताकद, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा भार सोसायची ताकद, स्टील किती स्ट्राँग आहे यावर जवळजवळ अवलंबूनच नसते, ती जोडाच्या आकारावर असते. मालगाडी आयुष्यभर धक्के खाते, त्यामुळे सेंटर सिल (डब्याचा मधला कणा) आणि बोल्स्टरच्या जोडापाशी फटीगच निर्णय घेतं. म्हणून जास्त ताकदीचं स्टील वापरायचं तर आकारही बदलावा लागतो, पत्र्याला घड्या द्या, स्टिफनरची जागा बदला, जोड कमी ताणाच्या भागात न्या. हे न करता नुसता ग्रेड बदलणारा डिझायनर तुमचे पैसे वाया घालवतोय.

सेंटर सिलवर काय भार येतो त्याचा अंदाज हवा असेल तर, अमेरिकन एएआर (तिथल्या रेल्वे कंपन्यांची संघटना) नियमात डबा दोन्ही टोकांकडून दाबायची चाचणी १० लाख पाउंडांनी होते, म्हणजे साधारण ४५४ टनांचा जोर. युरोपात ईएन १२६६३ मधे शंटिंगला कसलंही बंधन नसलेल्या मालडब्यांना २००० किलोन्यूटन. हा भार बॉडीचा पत्रा घेत नाही, मधला कणा घेतो, म्हणून तो पोलादाचाच ठेवतात.

आता ॲल्युमिनियम, ज्याच्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचलंत. १६ ऑक्टोबर २०२२ ला भुवनेश्वरहून ६१ वॅगनचा पहिला भारतीय ॲल्युमिनियम रेक निघाला, हिंडाल्को, बेस्को आणि आरडीएसओ यांचं एकत्र काम. सरकारने तेव्हा सांगितलेले आकडे असे: टेअर नेहमीच्या पोलादी वॅगनपेक्षा ३.२५ टनांनी कमी, रेकमागे १८० टन जास्त माल, माल आणि टेअरचं गुणोत्तर ३.८५, किंमत ३५ टक्के जास्त, आयुष्य १० वर्षांनी जास्त, विकताना ८० टक्के किंमत परत. वरच्या बॉडीत वेल्डिंग अजिबात नाही, सगळे लॉकबोल्ट.

हे वाचून भारी वाटतं आणि कामही खरंच भारी आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण निर्णय घेणाऱ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा, ३.२५ टन कुणापेक्षा? २२.९ टन एक्सल लोड धरला, म्हणजे एकूण ९१.६, आणि गुणोत्तर ३.८५, तर टेअर येतं १८.९ टन. जुन्या बॉक्सएनच्या तुलनेत साडेतीन टनांचा फरक, पण बॉक्सएनएचएलशी तुलना केली तर १.७ टनच. तुमच्याकडे आजचा दुसरा पर्याय एचएल आहे, त्यामुळे तुमच्यासाठी खरा फरक या दुसऱ्या आकड्याच्या जवळचा. कोटेशन घेताना तुलनेची वॅगन कोणती ते लेखी घ्या.

तंत्राकडून बघितलं तर ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५, पण कडकपणाही एक तृतीयांश, ७० गिगापास्कल. म्हणून तेवढ्याच जाडीचा पत्रा लावून भागत नाही, सेक्शन खोल आणि जाड करावे लागतात आणि वजनातला कागदावरचा तिप्पट फायदा प्रत्यक्षात निम्म्याच्या जवळ येतो. ६०६१ सारखा मिश्रधातू टी६ अवस्थेत (उष्णता देऊन ताकद वाढवलेला) २७५ मेगापास्कलच्या आसपास यील्ड देतो पण वेल्ड केला की जोडाशेजारी ताकद जवळपास अर्ध्यावर येते, लॉकबोल्ट वापरण्यामागे हे मोठं कारण आहे. अजून एक, पोलादाला ठराविक ताणाच्या खाली फटीग जवळपास लागत नाही, ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित रेषा नाही, ते हळूहळू थकतच राहतं. आणि ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी अंडरफ्रेमवर बसते, मधे इन्सुलेशन नीट नसेल तर ओल मिळताच बॅटरीच्या सेलसारखं काम सुरू होतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

अमेरिकेत हे सगळं जुनं झालंय. पावडर रिव्हर बेसिन या खाणपट्ट्यातल्या कोळशाला तिथे अनेक दशकांपासून ॲल्युमिनियमच्या गाड्या आहेत, बेथगॉन कोलपोर्टर ही त्यातली प्रसिद्ध. एकूण वजन २,८६,००० पाउंड, म्हणजे जवळजवळ १३० टन चार एक्सलवर, त्यात सुमारे ११० टन कोळसा. आपल्या या वॅगन एक्सलमागे २२.९ वर, त्यांच्या ३२ च्या पुढे. पण तिथे यश येण्याचं खरं कारण वेगळं आहे, ठराविक खाण, ठराविक प्लांट, तोच रेक जातो आणि तोच येतो, फिरणाऱ्या कपलरमुळे डबा न सोडता टिपलरमधे, म्हणजे डबा फिरवून रिकामा करणाऱ्या यंत्रात, उलटा होतो. आत कुणी बकेट घालत नाही.

आणि आपल्याकडे? चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या प्लांटला टिपलर आहेत, तिथे बॉडीवर वरून क्लॅम्प बसतो, तो भार डिझाइनमधे धरलेला असतो. पण तीच वॅगन उद्या एखाद्या गुड्स शेडला गेली आणि पोकलेनने खाली केली, की बकेटचे दात फ्लोअर आणि साइडवर. पोलाद चेपतं, परत ठोकून सरळ करता येतं. ॲल्युमिनियमचा पॅनेल फाटला तर त्याला पॅनेलच लागतो, लॉकबोल्टची गन लागते, शिकलेला माणूस लागतो, आणि जवळच्या सिक लाइनला हे तिन्ही असेल याची खात्री नाही. कोळशाला आग लागायचाही मुद्दा आहे, ढिगात धुमसणारा कोळसा भरला जातो हे सगळ्यांना माहितीये, ॲल्युमिनियमची ताकद दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे झपाट्याने घसरते, पोलाद त्यापेक्षा बरंच सहन करतं.

पैशाचं गणित. समजा तुमचा रेक सहा दिवसांत एक फेरी करतो, वर्षाला साठ भरलेल्या फेऱ्या, तर सरकारने सांगितलेल्या १८० टनांच्या हिशोबाने १०,८०० टन जास्त, एचएलशी तुलना केली तर याहून कमी. तोच रेक बारा दिवसांनी फिरला तर फायदा निम्मा, किंमत मात्र तीच ३५ टक्के जास्त. आणि भाडं वॅगनच्या मंजूर क्षमतेवर टनामागे लागतं, त्यामुळे जास्तीच्या टनांचं भाडं तुम्ही भरणारच, रिकामं परत नेताना वाचलेली वीज आधी रेल्वेच्या खात्यात जाते. तुमच्याकडे येतं ते कमी फेऱ्यांचं आणि कमी रेकचं सुख. स्कीममधली भाड्याची सवलत कशावर धरलीय ते करारात शब्द न् शब्द बघा.

मालाची घनता तर लोक पार विसरतात. हाय-ॲश देशी कोळसा जड, तिथे वजनाची मर्यादा आधी लागते आणि हलका डबा कामाला येतो. हलका आयात कोळसा भरला तर आधी डबाच भरतो, एचएलमधे ६१ घनमीटरच्या आसपास जागा, मग टेअर कितीही कमी करा, माल वाढत नाही. आयर्न ओअर उलट, डबा अर्धाही भरायच्या आत वजन पूर्ण, त्याला बुटकी छोटी वॅगनच हवी.

आकाराने काय होतं ते बंद वॅगनमधे बघा. बीसीएन १५.४२९ मीटर लांब, टेअर २७.२ टन, माल ५४.१. बीसीएनएचएल १०.९६३ मीटर, टेअर २०.८, माल ७०.८. ६.४ टन कमी! पण मीटरमागे बघा, १.७६ टनांवरून १.९० वर गेलंय, म्हणजे मीटरमागे डबा हलका झालेलाच नाही, आखूड, उंच आणि रुंद झालाय आणि एक्सल लोड वाढलाय. लूप लाइनची (स्टेशनात गाडी बाजूला थांबवायच्या रुळाची) लांबी ठरलेली असते, त्यामुळे मीटरमागे किती माल जातो हाच खरा आकडा. सिमेंटवाल्यांनी धातूच्या आधी हे बघावं.

तर निवड अशी. खाण ते प्लांट ठराविक फेरी, दोन्ही टोकांना स्वतःची साइडिंग (खासगी रूळ), टिपलर, जड देशी कोळसा, पटापट फिरणारा रेक, आणि देखभालीचा करार कारखान्याकडे असेल तर ॲल्युमिनियम नक्की विचारात घ्या. बाकी जवळजवळ सगळ्यांनी स्टेनलेस बॉडी आणि जास्त ताकदीची पोलादी अंडरफ्रेम घ्यावी, मी स्वतः पैसे घालणार असतो तर हेच घेतलं असतं. नवीन रेकसाठी पूर्ण कोर्टेन मला पटत नाही, पहिल्या मोठ्या ओव्हरहॉलला तळाचे पत्रे बदलायचा खर्च सगळा फरक खाऊन टाकतो.

ऑर्डर देताना एक तपासणी चुकवू नका, ब्रेक. डबा जितका हलका तितका रिकामा असताना चाक घसरायचा धोका जास्त, रिकाम्या डब्याला भरलेल्याचा ब्रेक बसला की चाकावर चपटा डाग पडतो आणि मग तो रूळ आणि बेअरिंग दोन्हीला ठोकतो. लोड सेन्सिंग डिव्हाइस (वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर बदलणारं यंत्र) नवीन टेअरप्रमाणे सेट केलंय का, रिकाम्या अवस्थेतली ब्रेकिंगची आणि ऑसिलेशनची (धावताना डबा किती हलतो त्याची) चाचणी त्याच वजनाच्या वॅगनवर झालीय का, याचे कागद मागा. जुन्या जड वॅगनचा रिपोर्ट पुढे केला तर चालणार नाही म्हणून सांगा.